पाच खणांचे घर

चाकणहून भामा नदीच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले, की पहिले कोस-दोन कोस माणसाच्या नजरेला घर असे पडतच नाही. दिसतात त्या पत्र्याच्या उंच भिंती, कारखान्यांची लोखंडी फाटके आणि त्यांच्यापुढे रांगेने तिष्ठत उभ्या असलेल्या मालमोटारी. एके काळी याच वाटेने कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या बैलगाड्या चाकणच्या बाजाराला जात. कांदा आजही जातो. परंतु त्याला आता वाट मागून घ्यावी लागते. पिंपरीच्या माळावर १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि मग एकामागून एक गाव कारखान्यांच्या छायेत आले. चाकणची पाळी बरीच उशिरा, विसावे शतक सरता सरता आली. पण आली ती अशी झपाट्याने, की एकाच पिढीने हाती नांगरही धरला आणि कारखान्याचे हजेरीपत्रकही.

अशाच एका गावाच्या मध्यभागी, मारुतीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, एक काळ्या दगडाचे घर आहे. त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन मजल्यांच्या इमारती उठल्या आहेत. प्रत्येक मजल्यावर सात-आठ खोल्या, प्रत्येक खोलीत चार-चार कामगार, आणि कठड्यांवर वाळत घातलेले निळे गणवेश. त्या दोन इमारतींच्या मध्ये हे बुटके, रुंद, कौलारू घर पाहिले, म्हणजे गर्दीत दोन धिप्पाड तरुणांच्या मध्ये जमिनीवर मांडी घालून बसलेल्या वृद्धाची आठवण होते. गावात त्याला ‘पाच खणांचे घर’ म्हणतात.

‘खण’ हे घराचे जुने माप. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. साधारण पाच-सहा फुटांचे. आपल्याकडे घर कधी फुटांनी मोजीत नसत. सोयरीक जुळवायला आलेला पाहुणाही, ‘घर किती खणी?’ असेच विचारी. यात एक मर्म आहे. ज्या घराचे माप खांबांनी घेतात, ते घर खांबांवर उभे असते, भिंतींवर नव्हे. पाच खणांच्या घराचे सागवानी खांब जमिनीत पुरलेले नाहीत. प्रत्येक खांबाखाली घडीव दगडाचा एक तळखडा आहे. त्यामुळे लाकडाला जमिनीची ओल लागत नाही आणि वाळवीलाही सहजासहजी वाट मिळत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, असा कडीपाट. आणि त्या कडीपाटावर वीतभर मातीचा थर टाकून केलेला माळा. वर कौलांचे छप्पर तापले, तरी त्या मातीच्या थराखाली माजघर थंड राहते. सुताराने हा सारा सांगाडा खाचा आणि कुसवे यांनी जुळविला आहे. लोखंडी खिळा शोधायला गेले, तर तो फक्त दाराच्या फळ्यांत सापडतो.

भिंत या सांगाड्याला बाहेरून अंगरख्यासारखी वेढून आहे. अंगरखा कसला म्हणा, दोन हात रुंदीची ती भिंत म्हणजे चिलखतच! तिच्या जाडीचा घरच्या माणसांनी किती परींनी उपयोग करून घेतला आहे! दिवा ठेवायला कोनाडा, देव ठेवायला देवळी, वह्या-पुस्तके ठेवायला फडताळ. आणि माजघराच्या कोपऱ्यात, भिंतीच्या पोटातच, धान्याचे बळद. वरून ज्वारी ओतायची आणि तळाशी असलेल्या भोकाचा बोळा काढून हवी तेवढी घ्यायची. मुख्य दाराचा अडसरही दिवसा भिंतीच्या जाडीतच लपलेला असतो. रात्री तो हाताने बाहेर ओढून दुसऱ्या बाजूच्या खोबणीत सरकविला, की दार बाहेरून फोडणे सोपे नव्हे. दाराची चौकट मात्र ठेंगणी. उंच माणसाला वाकूनच आत जावे लागते, आणि वाकायचे विसरणाऱ्याला ती चौकट स्वतःच आठवण करून देते. त्या घरातील प्रत्येक जावयाला हा प्रसाद एकदा तरी मिळालेला आहे.

घर कोणी बांधले, याचा कागद नाही. घराचे वडील पुरुष, ज्यांना सारा गाव ‘आबा’ म्हणतो, ते सांगतात, की ते त्यांच्या पणजोबांनी प्लेगनंतर बांधले. १८९६-९७ साली पुणे प्रांतात प्लेग पसरला, तेव्हा गावेच्या गावे ओस पडली आणि माणसे रानात झोपड्या घालून राहिली. याच प्लेगच्या बंदोबस्तात झालेल्या जुलमाचा सूड म्हणून चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गाठले, हे सर्वांना ठाऊक आहेच. चिंचवडास आज त्यांचे स्मारक आहे. चाकणच्या उत्तरेला, भीमेच्या काठी, ज्या खेड गावाला आता राजगुरुनगर म्हणतात, तेथे हुतात्मा राजगुरूंचे जन्मघर जपून ठेवले आहे. या दोन वास्तूंच्या मधल्या मुलखातील पाच खणांच्या घरात मात्र कोणी हुतात्मा जन्मला नाही. तेथे ज्वारी साठली, बाळंतपणे झाली, वाटण्या झाल्या. अशा घराला कोणत्याही यादीत जागा नसते.

प्लेगची ओसाडी संपल्यावर पणजोबा रानातून परतले, तेव्हा जुने कुडाचे घर उंदरांनी आणि पावसाने पोखरून टाकले होते. त्यांनी ठरविले, की आता बांधायचे ते दगडाचे. दगडाला तोटा नव्हता. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा सारा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा आहे. विहीर खणायला घेतली, की चार हातांखाली काळा पाषाण लागतोच. वडारांनी दगडावर ओळीने खाचा पाडल्या, त्यांत लोखंडी पाचरी बसविल्या आणि घणाचे घाव घालून दगड उकलला. गवंड्याने दर्शनी बाजू तेवढी टाकीने घडविली. आतील बाजू ओबडधोबडच ठेवली. आपला काळा दगड इतका कठीण, की सगळ्या बाजू घडवायच्या तर त्याला राजाचाच खजिना हवा. माती आणली ती गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरून. तिला पांढरी म्हणतात. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी, अशी आपल्या गावांची जुनी विभागणी. कित्येक पिढ्यांच्या पडलेल्या घरांची ती माती पुन्हा घराच्या कामी येते. काळीच्या पोटातील दगड आणि पांढरीवरची माती, असे ते घर उभे राहिले.

गेल्या श्रावणातील गोष्ट. तीन दिवस झड लागली होती. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मालमोटार उलटावी तसा आवाज झाला. घरची माणसे धावत अंगणात आली. आबांच्या हातात विजेरी होती. पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा पदर, जवळजवळ तीन खणांच्या लांबीचा, ढासळून बोळात पडला होता. दगडांच्या राशीतून पिवळट चिखल वाहत होता. आतला पदर जागच्या जागी उभा होता. आणि छप्पर तर जणू काही घडलेच नाही, अशा थाटात खांबांवर स्वस्थ होते. खांबांनी आपले काम केले होते. कोणाला इजा झाली नाही. बळदातील शे-दीडशे किलो ज्वारी तेवढी भिजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पंचायत बसली. आबांचे दोन मुलगे. थोरला कारखान्यात कंत्राटी कामावर, धाकट्याचा मालवाहू टेम्पो. धाकट्याने एका ठेकेदाराला बोलावूनच आणले होते. ठेकेदाराने घराभोवती एक फेरी मारली आणि सांगितले, “जेसीबी लावला तर अर्ध्या दिवसात जागा मोकळी होईल. बारा खोल्या निघतील.”

बारा खोल्या! हा हिशेब करणाऱ्या मुलांना कोणी लोभी म्हणू नये. त्यांची बहुतेक जमीन कारखान्यांसाठी गेली होती. पैसा आला आणि पाहता पाहता संपलाही होता. उरलेल्या एकरभर कांद्यावर दोन संसार चालत नाहीत. कंत्राटाची नोकरी आज आहे आणि उद्या नाही. खोलीचे भाडे मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला येते. शेजारच्या सगळ्यांनी तेच केले होते. आबा यावर काहीच बोलले नाहीत. ते ओसरीवरून उठले आणि पडलेल्या भिंतीपाशी जाऊन दगड निवडीत बसले.

त्यांच्या आधी तेथे दुसरेच कोणी आले होते. शेजारच्या इमारतीत राहणारा एक कामगार, मूळचा लातूरकडचा, पहाटेच्या पाळीवरून परतताना थांबला होता आणि भिंतीच्या उघड्या पोटाकडे टक लावून पाहत होता. पंचेचाळिशीच्या आसपासचा तो मितभाषी गृहस्थ गावात एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होता. पाऊस नसला, की तो कधीही खोलीत झोपत नसे. अंगणात खाट टाकी. मुले त्याची चेष्टा करीत. त्याने आबांना विचारले, “आबा, ह्या भिंतीत आडवे दगड हायेत का?”

आबांनी त्याच्याकडे पाहिले. उत्तर दिले नाही. तेव्हा त्यानेच सांगितले, तुटक तुटक. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसे दमून झोपली होती. चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीची धरणी हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे मातीला मिळाली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. तो त्या वेळी शाळकरी मुलगा होता. त्या गावांतील घरे अशीच होती. दगडांच्या रुंद भिंती आणि माथ्यावर मातीचे जड धाबे. “सायबांनी नंतर सांगितलं,” तो म्हणाला, “की भिंतीचे दोन पदर एकमेकांना धरून नव्हते. एक इकडं पडला, एक तिकडं.” एवढे बोलून तो खोलीकडे निघून गेला.

त्याचा प्रश्न थोरल्याच्या मुलीने ऐकला होता. ती पिंपरीच्या बाजूला वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात शिकत होती. तिच्या शिक्षणाचे पैसे कोठून येतात, हे तिला ठाऊक होते. म्हणून खोल्यांच्या गोष्टीला विरोध करायला तिची जीभ रेटत नव्हती. परंतु तो प्रश्न तिच्या मनातून जाईना. आडवा दगड म्हणजे काय, हे तिने पुस्तकात वाचले होते. रुंद दगडी भिंत खरे तर एक भिंत नसतेच. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर आणि दोहोंच्या मध्ये चिखल व कपच्या यांची भर, अशा त्या दोन भिंती पाठीला पाठ लावून उभ्या असतात. त्यांना एकत्र बांधतो तो या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाणारा लांब दगड. तो नसेल, तर दोघी बहिणी शेजारी शेजारी राहतात खऱ्या. परंतु संकट आले, की दोन दिशांना तोंडे करतात.

मौज अशी, की ही रचना काही आपल्याच मुलखाची नाही. तिच्या वर्गात इंग्लंडमधील बिबरी या खेड्याचे चित्र दाखविले होते. तेथे आर्लिंग्टन रो नावाची दगडी घरांची एक रांग ओढ्याकाठी उभी आहे. चौदाव्या शतकात ती इमारत लोकरीचे कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांसाठी घरे केली गेली. दगड तेथला मधाच्या रंगाचा चुनखडक. खाणीतून नुकता काढलेला असताना मऊ, म्हणून गरिबाच्या घरालाही घडविता येतो. छपरावर कौलांऐवजी दगडाच्याच चकत्या, वळचणीशी मोठ्या आणि आढ्याकडे लहान लहान होत गेलेल्या. पण भिंत उभी चिरून पाहिली, तर तेथेही तेच: दोन पदर, मध्ये भर आणि अधूनमधून आरपार दगड. विणकराच्या त्या घरांतही कोणी थोर पुरुष जन्मला नव्हता. तरीही ती राहिली; कारण त्या देशात विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी १८७७ सालीच जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, आणि १९४७ च्या कायद्याने साध्या जुन्या घरांचीही नोंद करायला आरंभ झाला. आपल्याकडील पुरातन वास्तूंच्या कायद्यांनी किल्ले, लेणी आणि देवळे यांना आधार दिला. बळद असलेल्या घराकडे त्यांचे लक्ष जावे तरी कसे?

मुलीने आईजवळ एकच गोष्ट मागितली. पाडायचे असेल तर पाडा. पण त्याआधी मला मोजून घेऊ द्या. तिची आई शहाणी बाई. ती म्हणाली, “आठ दिवस घे. ठेकेदाराला मी सांगते.”

त्या आठ दिवसांत मुलीने टेप, दोरी आणि ओळंबा घेऊन घराचा इंचन् इंच मोजला. मोशीच्या खाणींकडे राहणारा एक वृद्ध वडार मिस्त्री तिला एका गवंड्याकडून समजला. त्याला ती घेऊन आली. मिस्त्रीने भिंतीला हात लावण्याआधी तिचा वास घेतला. मग बाहेरच्या पदरावर अजून चिकटून असलेला सिमेंटच्या गिलाव्याचा एक पापुद्रा त्याने बोटांनी सोलून काढला. आतली माती लोण्यासारखी मऊ झाली होती. “हे कोणी केलं?” त्याने विचारले.

दहा वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नाच्या वेळी घर चांगले दिसावे म्हणून धाकट्याने ते केले होते. मातीच्या भिंतीला ओल लागतेच; जमिनीतून लागते, वरून लागते. तिच्यावर मातीचा किंवा चुन्याचा लेप असेल, तर ती ओल उन्हाळ्यात तशीच बाहेर निघून जाते. सिमेंटचा गिलावा ती वाट बंद करतो. पुढे गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात, पाणी आत शिरते आणि बाहेर पडायला मात्र जागा उरत नाही. आतली भर भिजून खाली बसते, फुगते आणि बाहेरच्या पदराला ढकलू लागते. भिंतीला पोट सुटते ते असे. धाकटा हे ऐकत उभा होता. त्याचा चेहरा उतरला. पण मिस्त्रीने मान हलविली. “एवढ्यानं पडली नसती,” तो म्हणाला. “पोट सुटलं असतं, तडकली असती. तीन खण एकदम सुटले, म्हणजे ह्या भिंतीला गाठच नव्हती. बाकीच्या तिन्ही भिंतींत आडवे दगड आहेत. मी मोजले. हिच्यातच नाहीत.”

असे म्हणून तो राशीत वाकला आणि बराच वेळ दगड उलटेपालटे करीत राहिला. शेवटी त्याने हातभर लांबीचे दोन दगड निवडून ओट्यावर ठेवले आणि त्यांची तुटकी तोंडे एकमेकांना लावली. दोन्ही तोंडे अशी जुळली, की मध्ये नख शिरेना. दोन हात लांबीचा एक अखंड दगड समोर तयार झाला. सांध्यावर घणाच्या घावाची पांढुरकी खूण होती.

“दगड होते,” मिस्त्री म्हणाला. “कोणीतरी फोडले.”

ओसरीवर कोणी बोलेना. मग आबा म्हणाले, “मी फोडले.”

त्या घरात कोणालाही ही गोष्ट माहीत नव्हती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. दुरुस्तीला पैसा नव्हता, म्हणून तशीच पाच वर्षे गेली. १९७२ साली पाऊस पडला नाही. शेतात करण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा आबा आणि त्यांचे वडील दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडीत, मिलोची भाकरी आणि सुकडी खात, आणि संध्याकाळी घरी येऊन ती तडकलेली भिंत उतरवून पुन्हा रचीत. गवंडी लावण्याची ऐपत नव्हती. आबा त्या वेळी वीस वर्षांचे होते. लांब दगड उचलायला चार माणसे लागत. ते तर दोघेच. एका दिवशी वडील तालुक्याला गेले असता आबांनी घण घेतला आणि सगळे लांब दगड मधोमध फोडून टाकले. दिवसभर खडी फोडणाऱ्या हाताला त्यात काही विशेष वाटले नाही. उलट एका दगडाचे दोन झाले, काम लवकर उरकेल, याचाच आनंद झाला.

“संध्याकाळी बाप आला,” आबा म्हणाले. “त्यानं त्या तुकड्यांकडं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. मला वाटलं, आता मारतो. पण काही बोलला नाही. दोन्ही वेळा उपाशी असलेल्या पोराला काय बोलायचं, असं त्याला वाटलं असंल. खाली बसला आणि तेच तुकडे रचायला लागला.”

त्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ ती भिंत उभी राहिली. आबांनी तिच्या बाजूला कधी आपली खाट घातली नाही, हे सुनेच्या त्या दिवशी ध्यानात आले. पावसाळा आला, की रात्री उठून विजेरीने ते काय पाहत असत, तेही.

त्या दिवसापासून घरातील वादाचा सूर बदलला. आबा घर वाचविण्यासाठी हट्ट धरतील, अशी मुलांची अपेक्षा होती. आणि त्या हट्टाला तोंड देण्याची त्यांनी तयारीही केली होती. आबा मात्र म्हणाले, “पाडा. भिंत माझ्यामुळं पडली.” यावर धाकटा एकदम म्हणाला, “गिलावा माझा होता.” अपराध स्वतःच्या पदरात घ्यायला दोघे पुढे सरसावले, म्हणजे भांडण तेथेच संपते. मार्ग सुचविला तो थोरल्या सुनेने. परसात गुरांचा गोठा होता. गुरे कधीच विकली गेली होती. गोठा आणि मागची पडवी पाडून तेथे चार खोल्या काढाव्यात, पुढचे पाच खण तसेच ठेवावेत. बाराच्या जागी चार. आणि त्या चारांतील एकीचे भाडे भिंतीच्या दुरुस्तीचे कर्ज फिटेपर्यंत तिकडे जाईल. या तडजोडीत पडवीतील चूल गेली, पाट्यावरवंट्याची जागा गेली आणि दारचा शेवगा गेला. शेवग्यासाठी सूनबाई स्वतःच दोन दिवस हळहळली.

दुरुस्ती दिवाळीनंतर सुरू झाली. मिस्त्रीने सिमेंटचा गिलावा सगळ्या भिंतींवरून उतरविला, जोत्याभोवती चर काढून पाण्याला वाट करून दिली आणि मोशीहून लांब दगड आणविले. नव्या भिंतीत दर दोन फूट उंचीवर आणि चार-चार फुटांच्या अंतराने एकेक आडवा दगड घातला. वरच्या ओळीतील दगड खालच्या दोन दगडांच्या मध्यावर येईल, असा. पश्चिमेचा जो भाग पडला नव्हता, पण दुबळा होता, तेथे मुलीने दुसरा उपाय सुचविला. किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात उभ्या असलेल्या भिंतींना आरपार भोके पाडून, त्यांत दोन्ही टोकांना वाकविलेली लोखंडी सळई घालून काँक्रीट भरले होते. मिस्त्रीला आधी ते पटेना. भिंत न उतरविता तिला गाठ मारायची, हे त्याच्या शास्त्रात बसत नव्हते. पहिले भोक पाडताना तो सारखा पुटपुटत होता. चौथ्या भोकानंतर त्याने स्वतःच सळईला वाक देण्याची एक सोपी रीत शोधून काढली.

दगड चढविण्याच्या कामी गावातील सात-आठ तरुण रविवारी येत. आबांना कोणी हात लावू देत नसे. ते चुन्याची वाटी घेऊन बसत आणि आडवा दगड जागेवर बसला, की त्याच्या तोंडावर चुन्याचा एक टिळा लावीत. पुढे कोणाला भिंत उतरवावी लागली, तर कोणते दगड फोडायचे नाहीत ते त्याला कळावे, असे त्यांचे म्हणणे. मुलीने आपल्या आराखड्यात ते सारे टिळे नीट मांडले. पश्चिमेच्या भिंतीखाली बांधकामाचे साल लिहायचे होते. तिने आबांना विचारले, कोणते लिहू? आबा म्हणाले, “बहात्तरही लिही.”

मृगाच्या पावसाआधी काम पुरे झाले. मागच्या चारही खोल्या लगेच भरल्या. त्यांतील एक खोली लातूरकडच्या त्या कामगाराने घेतली. भाडे थोडे जास्त असूनही घेतली. राहायला आला त्या दिवशी तो पश्चिमेच्या भिंतीपाशी गेला, एकेका टिळ्यावर बोट ठेवून त्याने ते मोजले, आत माजघरात येऊन त्याच दगडांची दुसरी टोके पाहिली आणि पुन्हा बाहेर जाऊन मोजले. आबा ओसरीवरून पाहत होते. “बरोबर आहेत का रे?” त्यांनी विचारले.

“बरोबर हायेत,” तो म्हणाला. “भिंत चांगली झाली, आबा.”

मग त्याने खोलीतून आपली खाट बाहेर आणली आणि रोजच्यासारखी अंगणात, भिंतीपासून दहा पावलांवर टाकली. आबांनी सुनेला सांगून त्याच्यासाठी आतून एक जाड वाकळ पाठविली.